गौलीगुडा तिथंच आहे, हैदराबाद मात्र वाढलं

दोन आकडे देतो. २००१ च्या जनगणनेत हैदराबाद महापालिकेची लोकसंख्या होती ३६ लाखांच्या आसपास. २०११ मध्ये ती झाली ६८ लाख. दहा वर्षांत ८७ टक्के वाढ! स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात, रीलमध्ये, भाषणात सगळीकडे हाच आकडा फिरतो आणि ऐकणारा म्हणतो, बाप रे, केवढी माणसं आली!

आता दुसरा आकडा. हैदराबाद जिल्हा. २००१ मध्ये ३८ लाख २९ हजार, २०११ मध्ये ३९ लाख ४३ हजार. म्हणजे दहा वर्षांत जेमतेम ३ टक्के वाढ. एखाद्या थकलेल्या तालुक्याची असते तेवढी.

दोन्ही आकडे जनगणनेचेच, दोन्ही खरे. शहर एकच, दशक एकच. मग दुप्पट झालं कोण आणि जागच्या जागी राहिलं कोण?

मी राहतो तो गौलीगुडा त्या तीन टक्केवाल्या हैदराबादेतला. मूळचा मी बीदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यातला. इथं चौघांत एक खोली भाड्याने घेतलीय. एका बाजूला कोठी आणि सुलतान बाजार, दुसऱ्या बाजूला अफजलगंज, आणि खाली मुसी नदी. इथं नवीन माणूस मावायला जागाच नाही. जिल्ह्यात चौरस किलोमीटरला १८ हजारांवर माणसं राहतात, आणि गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकाला मागं जावं लागतं. जुनी घरं पाडून तिथं दुकानं, गोदामं, लॉज होतायत. राहणारी कुटुंबं बाहेर सरकतायत. शहराचं पोट असंच असतं, ते भरलेलं असतं. वाढ होते ती कडेला.

नावातच बघा ना. गुडा म्हणजे तेलुगूत वस्ती, वाडी. गौली म्हणजे आपला गवळी. गवळ्यांची वाडी. काचीगुडा, नारायणगुडा ही पण तशीच वाड्यांची नावं. पलीकडे कुकटपल्ली, लिंगमपल्ली. पल्ली म्हणजे गाव. एकेकाळी शहराबाहेर असलेल्या वाड्या आणि गावं शहराने एकामागून एक आत घेतली, आणि नाव तेवढं मागं ठेवलं. शहर वाढण्याची ही सगळ्यात जुनी तऱ्हा: माणूस शहरात येत नाही, शहर माणसाच्या दारात येतं.

२००७ मध्ये हेच कागदावर झालं. त्या वर्षी १६ एप्रिलला जुन्या महापालिकेत भोवतालच्या १२ नगरपालिका आणि ८ ग्रामपंचायती घातल्या आणि बृहन् हैदराबाद महापालिका झाली. एल. बी. नगर, उप्पल, मलकाजगिरी, कुकटपल्ली, शेरीलिंगमपल्ली, राजेंद्रनगर, पटांचेरू अशी सगळी मंडळी एका सहीने हैदराबादकर झाली. क्षेत्रफळ पावणेदोनशेच्या आसपासवरून सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या घरात गेलं. तिथली माणसं २००१ लाही तिथंच राहत होती, फक्त ती ‘हैदराबाद’ या रकान्यात नव्हती. त्या ८७ टक्क्यांतला मोठा वाटा या सहीचा आहे.

पण माणसं आलीच नाहीत असं कुणी समजू नका. त्याच दशकात शेजारचा रंगारेड्डी जिल्हा ४८ टक्के वाढला, ३५ लाख ७५ हजारांवरून जवळजवळ ५३ लाखांवर. माधापूरला सायबर टॉवर्स १९९८ मध्ये उभे राहिले, मग गच्चीबौली, कोंडापूर, मियापूर. आमचं बीदरचं पोरगं बसने येतं तेव्हा हे त्याला खिडकीतूनच दिसतं. जहीराबाद, संगारेड्डी झालं की पटांचेरूचे कारखाने लागतात, मग रामचंद्रपुरमचं भेल, मग कुकटपल्लीपर्यंत टॉवरच टॉवर. पूर्वी माणूस शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहायचा. आता अर्धी बस पटांचेरू आणि लिंगमपल्लीलाच रिकामी होते, कारण काम तिथं आहे. गौलीगुड्यापर्यंत येतो तो दवाखान्याला आलेला, घाऊक माल घ्यायला आलेला, नाहीतर माझ्यासारखा स्वस्त भाडं शोधणारा.

हे फक्त हैदराबादचं नाही. २००७ मध्येच बेंगळुरूलाही सात नगरपालिका, एक लहान नगरपालिका आणि ११० गावं जोडली, आणि ४३ लाखांचं शहर पुढच्या जनगणनेत ८४ लाखांचं झालं. पुण्याने २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं आत घेतली. सीमाभागातल्या पोराला भाकरीसाठी जी तीन शहरं माहीत आहेत, ती तिन्ही अशीच रेषा सरकवून मोठी झालेली आहेत. तेव्हा ‘अमुक शहर इतकं वाढलं’ असं कुणी सांगितलं तर आधी विचारायचं: माणसं किती वाढली, आणि रेषा किती सरकली?

हा प्रश्न आपण विचारायचा नाही तर कुणी विचारायचा? रेषा सरकली की माणसाचं काय होतं हे आपल्या आज्या-पणज्यांनी अंगावर घेतलंय.

आता थोडं मागं जाऊ, कारण हैदराबादच्या वाढीत आपलं माणूस कुठं आहे हे त्याशिवाय कळत नाही.

१९११ मध्ये हे शहर पाच लाखांचं होतं. १९२१ मध्ये चार लाखांच्या थोडं वर. शहर वाढण्याऐवजी लाखभराने घटलं! १९०८ च्या सप्टेंबरात मुसीला महापूर आला होता, हजारो माणसं गेली. त्यानंतर प्लेगचे फेरे आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा. लोक शहर सोडून पळत होते. गंमत अशी की आजच्या वाढीचा पाया त्याच पडत्या काळात घातला गेला. पुरानंतर विश्वेश्वरय्यांचा सल्ला घेतला, उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले, १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ आलं, रस्ते रुंद झाले. मग १९३१ ते १९४१ या दहा वर्षांत लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या आतून सात लाख चाळीस हजारांपर्यंत गेली.

आणि त्याच काळात आमच्या गल्लीजवळ एसटीची सुरुवात झाली म्हणा ना. निजाम स्टेट रेल्वेने जून १९३२ मध्ये रस्ते वाहतूक विभाग काढला: २७ बस, १६६ कर्मचारी. गौलीगुड्याचा बसस्टँड म्हणजे विमानं ठेवायची असावी तशी अर्धगोल पत्र्याची प्रचंड शेड होती. खेड्यातून पहिल्यांदा राजधानीत आलेल्या माणसाने ती बघून तोंडात बोटच घातलं पाहिजे. १९९४ मध्ये मुसीत इमलीबनचं नवं मोठं स्टँड झालं आणि गौलीगुड्याकडे शहरातल्या बस उरल्या. जुलै २०१८ मध्ये ती शेड कोसळली. थोड्याच दिवसांपूर्वी रिकामी केली होती म्हणून कुणाचा जीव गेला नाही.

या स्टँडवर उतरणारा माणूस कोणत्या भाषेचा होता? तिन्ही. निजामाच्या राज्यात तेलुगू जिल्हे होते, कन्नड जिल्हे होते आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे होते. आमचं बीदर तर एका जिल्ह्यात तिन्ही भाषा नांदवत होतं. राजधानी एक, हायकोर्ट एक, उस्मानिया विद्यापीठ एक. माझे आजोबा जमिनीच्या दाव्यासाठी तारखेला हैदराबादला यायचे. ‘परराज्यात’ चाललोय असं त्यांच्या डोक्यातही नसायचं. वकील मराठी, कारकून उर्दू, खानावळवाला कुणीही.

कोठी आणि सुलतान बाजार हा भाग तेव्हा ब्रिटिश रेसिडेंटच्या ताब्यात होता. १९३३ मध्ये तो निजामाकडे परत गेला. तिथं निजामाचे सभाबंदीचे कायदे तितके चालत नव्हते, म्हणून संस्था तिथंच उगवल्या. तेलुगू लोकांचं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम १९०१ चं. मराठी माणसांची विवेक वर्धिनी १९०७ ची. मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ चं. गौलीगुड्यातून हे सगळं चालत जायच्या अंतरावर आहे.

विवेक वर्धिनीच्या थिएटरात नोव्हेंबर १९२१ मध्ये एक सभा झाली. तेलंगणातल्या शाळेच्या पुस्तकात ती गोष्ट पोरं शिकतात, आपल्याकडे कुणी सांगत नाही. निजाम राज्यातल्या सामाजिक परिषदेचं अधिवेशन होतं, अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. भाषणं मराठीत, उर्दूत, इंग्रजीत चालली होती. आलंपल्ली वेंकटरामाराव नावाचे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले, तेव्हा सभागृहातल्या आपल्या मंडळींनी गोंगाट केला, टर उडवली. त्याच रात्री काही तेलुगू माणसं एकत्र बसली आणि आंध्र जनसंघाची स्थापना झाली. पुढे त्याचीच आंध्र महासभा झाली आणि तेलंगणाच्या राजकारणाची सुरुवात तिथून सांगितली जाते.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या शहरात तेलुगू बोलणारे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त होते. तरी सभागृहात आवाज आपला होता, कारण शिकलेले, नोकरीतले, संस्था चालवणारे आपले लोक पुढे होते. संख्या एका बाजूला आणि आत्मविश्वास दुसऱ्या बाजूला असं काही काळ चालतं. मग संख्या जागी होते. आज बेळगावात किंवा बीदरमध्ये एखाद्या कार्यालयात आपल्या माणसाने मराठीत तोंड उघडल्यावर जे वाटतं, ते वेंकटरामारावांना आपल्या थिएटरात वाटलं होतं. ज्याला राग येतो त्याने ही गोष्ट दोनदा वाचावी.

१९५६ ला राज्य तुटलं. बीदर जिल्ह्याचे तर सरळ तीन तुकडे झाले: उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात, आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. एका जिल्ह्याच्या तीन राजधान्या झाल्या.

याचा शहराच्या लोकसंख्येवर काय परिणाम झाला ते बघा. १९५१ मध्ये हैदराबाद अकरा लाखांच्या घरात होतं. १९६१ मध्येही ते अकरा-बारा लाखांच्या आसपासच घुटमळलं. सगळ्या देशातली शहरं धावत होती आणि हे मोठं शहर जवळजवळ थांबलं होतं. पोलीस ॲक्शननंतर पुष्कळ कुटुंबं निघून गेली होती, निजामाचं सैन्य आणि दरबार मोडला होता, आणि १९५६ नंतर मराठी-कन्नड कर्मचारी आपापल्या नव्या राज्यांत गेले. आंध्रातून नवी राजधानी म्हणून माणसं यायला लागली, पण जाणारेही तेवढेच होते. कोठीतल्या कितीतरी मराठी बिऱ्हाडांनी त्या वर्षांत औरंगाबादची, मुंबईची वाट धरली. त्यानंतरच्या दहा वर्षांत शहर पुन्हा उसळलं, ते वेगळ्या माणसांनी.

नकाशा बदलला, पण रस्ते तेच राहिले. बीदरहून हैदराबाद दीडशे किलोमीटरच्या आत, आमचं बेंगळुरू सातशेच्या आसपास. मनमाडहून सिकंदराबादला येणारी निजामाच्या काळातली रेल्वे आजही मराठवाड्याची पोरं हैदराबादला आणून सोडते. म्हणून आजही भालकीचं, उदगीरचं, देगलूरचं, किनवटचं पोरगं पहिलं काम शोधायला इकडेच येतं. राज्य पुनर्रचना आयोगाने काय ठरवलं ते त्याच्या पोटाला माहीत नसतं.

पाण्याचं पण ऐका. हैदराबाद वाढलं तसे उस्मानसागर आणि हिमायतसागर अपुरे पडले आणि १९६० च्या दशकात मांजरेचं पाणी शहराला सुरू झालं. पुढे त्याच नदीवर सिंगूरचं धरण आलं. मांजरा कुठली? बीड जिल्ह्यात बालाघाटात उगम, लातूर जिल्ह्यातून, मग आमच्या बीदर जिल्ह्यातून, आणि मग तेलंगणात. म्हणजे नदी आपल्या तीन-चार जिल्ह्यांतून फिरून शहराच्या नळाला जात होती. २०१६ च्या दुष्काळात मांजरेवरचं धनेगाव धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि खाली सिंगूरही आटलं. पण हैदराबादला तोवर कृष्णेचं पाणी होतं, गोदावरीचंही नुकतंच आलं होतं. एक नदी आटली तर शहर दुसऱ्या नदीकडे जातं. लातूरला आणि भालकीला तसं जाता येत नाही. मग तिथलं माणूसच पाण्याच्या आणि कामाच्या मागे शहराकडे जातं, आणि जनगणना त्याला ‘शहरी लोकसंख्यावाढ’ म्हणते.

तेलंगणाचा सगळा हिशेब या एका शहराभोवती फिरतो. २०११ च्या आकड्यांनुसार राज्यात शहरी लोकसंख्या सुमारे १ कोटी ३६ लाख, म्हणजे ३९ टक्के. त्यातली जवळजवळ निम्मी एकट्या हैदराबाद महापालिकेत. दुसऱ्या क्रमांकाचं वरंगळ साधारण सव्वासहा लाखांचं (त्यालाही नंतर आसपासची ४२ गावं जोडली), मग निजामाबाद तीन लाखांवर, करीमनगर अडीच लाखांवर. पहिल्या आणि दुसऱ्या शहरात अकरा पटींचा फरक! कर्नाटकातही बेंगळुरूच्या ८४ लाखांपुढे हुबळी-धारवाड साडेनऊ लाखांच्या आत, बेळगाव पाच लाखांच्या आत. महाराष्ट्रात मुंबईपाठोपाठ पुणे, नागपूर, नाशिक आहेत हे खरं, पण ती उदगीर-देगलूरपासून किती लांब आहेत ते नकाशावर मोजा. सीमेवरच्या पट्ट्यात दोन्हीकडून बघितलं तर नांदेड साडेपाच लाखांचं, लातूर पावणेचार लाखांच्या थोडं वर, बीदर दोन लाखांच्या थोडं वर. सीमेवरचं गाव प्रत्येक राज्याच्या टोकाला असतं आणि टोकापर्यंत राजधानीची वाढ पोचत नाही. पोचतं ते फक्त राजधानीचं आमंत्रण.

आता मुद्द्याचं.

भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशात काही ठरलेली मापं आहेत. एखाद्या तालुक्यात, नगरपालिकेत, जिल्ह्यात एखादी भाषा बोलणारे १५ टक्के किंवा जास्त असतील तर महत्त्वाचे नियम, सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असं केंद्राच्या संरक्षण योजनेत आहे. प्राथमिक शाळेत एका वर्गात १० किंवा सगळ्या शाळेत मिळून ४० मुलं त्या भाषेची असतील तर त्या भाषेतून शिकवण्याची सोय करावी, हे १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं. पुढे घटनेत ३५० (क) आणि ३५० (ख) ही कलमं आली, भाषिक अल्पसंख्याक आयुक्त आले. पाळलं किती जातं ते आपण रोज बघतो. पण मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो: आकडा दाखवा.

आणि आकडा टक्क्यात असतो. टक्का काढायला दोन गोष्टी लागतात, आपली माणसं आणि एकूण माणसं. सोपं उदाहरण घ्या, हे कुठल्या गावाचं नाही, नुसतं गणित आहे. एका गावात १०० माणसं, त्यात मराठी २०. म्हणजे २० टक्के, हक्क शाबूत. उद्या हद्दवाढ झाली, शेजारची ६० माणसांची वस्ती आत आली, त्यात मराठी ३. आता १६० मध्ये २३, म्हणजे १४ टक्क्यांच्या थोडं वर. मराठी माणूस एकही कमी झाला नाही, उलट तीन वाढले, आणि १५ ची रेषा हुकली. जोडलेली वस्ती मराठी असेल तर उलटंही होतं, टक्का वाढतो. म्हणून हद्दवाढ म्हटलं की लगेच विरोध किंवा लगेच फटाके, दोन्ही चुकीचं. कोणती गावं जोडतायत, तिथं कोण राहतं, हे आधी मांडून बघायचं. नगरपालिकेची अधिसूचना निघते तेव्हा हरकतींसाठी मुदत असते आणि ती मुदत आपल्यातला कुणी वाचत नाही. निवडणुकीचे वॉर्ड पडले की मग आपण जागे होतो.

हे झालं रेषेचं. माणसाचं याहून बोचरं आहे. भालकीच्या शाळेत मराठीच्या वर्गात अकरा पोरं आहेत असं धरा. दोन घरं हैदराबादला गेली. राहिली नऊ. वर्ग बंद करायला कारण मिळालं. आणि ती दोन पोरं हैदराबादेत मराठीच्या वर्गात बसली का? ती पटांचेरूच्या इंग्रजी शाळेत गेली, तिथं दुसरी भाषा तेलुगू. आई-बापांना दोष द्यायचा नाही, बारा तास ड्यूटी करणाऱ्याने पोराला रोज कोठीपर्यंत कसं आणावं? पण हिशेब असा की गावाच्या आकड्यातून आपण वजा झालो, आणि शहराच्या आकड्यात इतके बारीक झालो की दिसेनासे झालो. लाखोंच्या शहरात आपण कितीही आलो तरी १५ टक्के होणार नाही. औराद-भालकीत आपला वाटा याच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. तिथून एक घर उठणं आणि इथं एक घर येणं ही सारखी गोष्ट नाही.

मी स्वतः इथं आलोय, त्यामुळे ‘गाव सोडू नका’ असं सांगायचं तोंड मला नाही आणि मला तसं म्हणायचंही नाही. पोट भरायला माणसाने जावंच. पण जाताना मोजणीतून तरी पुसलं जाऊ नये.

मोजणी आता तोंडावर आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, ती आता २०२७ मध्ये होतेय. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख, म्हणजे माणसांची प्रत्यक्ष मोजणी त्याआधी फेब्रुवारीत. मोजणीच्या काळात हद्दी हलू नयेत म्हणून राज्यांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत हद्दी पक्क्या करायला सांगितल्या होत्या. ती मुदत संपायच्या सुमारास तेलंगणाने हैदराबाद महापालिकेत भोवतालच्या आणखी २७ नगरपालिका-महापालिका घातल्या. त्याने क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं. तेव्हा २०२७ चे आकडे आले की पुन्हा बातमी येईल, हैदराबाद किती पटींनी वाढलं. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो, त्यातला किती भाग या नव्या सहीचा आहे ते आधी वेगळं काढा.

मोजणीत माणूस जिथं नेहमी राहतो तिथंच लिहिला जातो. वर्षभर हैदराबादेत राहणाऱ्याला गावाकडे आईने ‘आमचा पोरगा’ म्हणून लिहून घेतलं तरी ते नियमात बसत नाही. म्हणजे मी हैदराबादचा आकडा होणार, ते टळत नाही. पण मातृभाषेचा रकाना प्रत्येक माणसाचा वेगळा असतो. घराला एक भाषा असा नियम नाही. मातृभाषा म्हणजे लहानपणी आईने आपल्याशी जी बोलली ती. राज्य कोणतं, शाळा कोणत्या माध्यमाची, आधारवर पत्ता कुठला, याचा तिच्याशी संबंध नाही. त्यापुढे येणाऱ्या दुसऱ्या भाषाही विचारतात, तिथं कन्नड, तेलुगू, हिंदी बिनधास्त सांगा, आपण बोलतोच की. घोटाळा होतो तो मोजणाऱ्याच्या घाईत. दारात आलेल्याने एकाला विचारलं, त्याने तेलुगूत उत्तर दिलं, की सगळ्या खोलीपुढे तेलुगू. यावेळी मोबाईलवरून स्वतःची माहिती स्वतः भरायचीही सोय आहे, ती वापरली तर हा प्रश्नच येत नाही.

आमच्या खोलीत चौघं आहोत. मी भालकीचा, एक उदगीरचा, एक औरादचा, आणि चौथा नारायणखेडचा. त्याच्या घरी मराठी आणि तेलुगू दोन्ही बोलतात आणि आई कोणती बोलायची यावर तो अजून विचार करतोय. १९५६ च्या आधी आम्ही चौघंही एकाच जिल्ह्याचे झालो असतो. मोजणारा दिवसा येणार. दिवसा खोलीवर फक्त औरादचा असतो, त्याची नाइट शिफ्ट आहे आणि बेल वाजली तरी तो उठत नाही. म्हणून दारावर आतून एक कागद चिकटवलाय: चौघांची नावं, वयं, गावं, आणि प्रत्येकापुढे भाषा. नारायणखेडवाल्याची जागा अजून मोकळी ठेवलीय.